वस्तूला विचारलेले प्रश्न : पीएचपीच्या संदर्भपुस्तिकेतील एका प्रकरणाचे परीक्षण

१

मुळशी तालुक्याचा उल्लेख होताच जुन्या वाचकास १९२१ सालचा सत्याग्रह आणि टाटांचे धरण आठवते. आजच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास मात्र बहुधा हिंजवडी आठवते. हिंजवडी, माण आणि मारुंजी ह्या मुळशीतल्या गावांच्या परिसरात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले, आणि भातशेतीच्या ह्या मुलखात प्रोग्राम लिहिणे हा सहस्रावधी लोकांचा नित्याचा व्यवसाय झाला. ह्या व्यवसायातील मंडळी दिवसभर जे गद्य वाचतात ते कथाकादंबऱ्यांचे नव्हे, वृत्तपत्रांचेही नव्हे. ते संगणकीय भाषांच्या संदर्भपुस्तिकांचे गद्य होय. त्यातील एका वाक्याचा अर्थ चुकीचा लागला, तर त्या चुकीचे परिणाम वाचकापुरते मर्यादित राहत नाहीत. त्याने लिहिलेला प्रोग्राम जेथे जेथे चालतो तेथे तेथे ते पोहोचतात. असे असूनही हे गद्य समीक्षेच्या कक्षेत क्वचितच घेतले जाते. वस्तुतः ते शास्त्रीय गद्य आहे; शास्त्रग्रंथास लावावयाच्या कसोट्या त्यास लावून पाहणे म्हणूनच उचित ठरते.

परीक्षणासाठी येथे पीएचपी ह्या भाषेच्या संदर्भपुस्तिकेतील वर्ग व वस्तू ह्यांविषयीच्या अंगभूत फंक्शनांचे प्रकरण निवडले आहे. पीएचपी रास्मुस लेरडॉर्फ ह्यांनी १९९५ साली प्रथम प्रसिद्ध केली, आणि संकेतस्थळे चालविणारी भाषा म्हणून तिचा प्रसार फार मोठा झाला. ह्या भाषेत ‘वर्ग’ म्हणजे एखाद्या जातीच्या वस्तूंचा आराखडा. ‘वस्तू’ म्हणजे त्या आराखड्याबरहुकूम निर्माण झालेली व्यक्ती. वर्गाला गुणधर्म असतात, कृती करणाऱ्या मेथड असतात, आणि एक वर्ग दुसऱ्यापासून वारसा घेऊ शकतो. प्रस्तुत प्रकरणातील फंक्शने ह्या वस्तूंना प्रश्न विचारण्यासाठी आहेत. तू कोणत्या वर्गाची? तुझा जनकवर्ग कोणता? अमुक मेथड तुझ्या ठायी आहे काय? अमुक गुणधर्म आहे काय? ‘गेट-क्लास’, ‘गेट-पेरेंट-क्लास’, ‘मेथड-एक्झिस्ट्स’, ‘प्रॉपर्टी-एक्झिस्ट्स’, ‘इझ-ए’ ही त्यांतील काही नावे. मूळ नावांतील अधोरेषेऐवजी येथे संयोगचिन्ह वापरले आहे.

ह्या प्रकरणाची निवड करण्यास एक विशेष कारण आहे. इतर बहुतेक फंक्शने काही कार्य करतात; ही फंक्शने साक्ष देतात. त्यांच्या साक्षीवरून प्रोग्राम पुढचा निर्णय घेतो. साक्षीचे मोल साक्षीदाराने उच्चारलेल्या शब्दांवर जितके अवलंबून असते, तितकेच त्या शब्दांचा अर्थ कोठवर ताणता येतो ह्यावर अवलंबून असते. तेव्हा अशा फंक्शनांचे वर्णन करणाऱ्या पानाने ‘उत्तर काय येते’ एवढे सांगून भागत नाही; ‘त्या उत्तराचा अर्थ काय’ हेही सांगणे त्यावर बंधनकारक ठरते.

परीक्षणाची चौकट आपल्याच परंपरेत सिद्ध आहे. पाणिनीच्या सूत्रांवर कात्यायनाने वार्तिके लिहिली. वार्तिकाचे कार्य तीन प्रकारचे मानले गेले : जे उक्त आहे त्याचा विचार, जे अनुक्त राहिले त्याचा विचार, आणि जे दुरुक्त आहे, म्हणजे चुकीच्या वा अपुऱ्या रीतीने सांगितले आहे, त्याचा विचार. पतंजलीचे महाभाष्य ह्या वार्तिकांच्याच आधाराने उभे आहे, आणि वासुदेवशास्त्री अभ्यंकर ह्यांनी त्याचे मराठीत भाषांतर केल्यामुळे मराठी अभ्यासकास ही विचारपद्धती परकी नाही. सूत्राचा आदर राखून त्याच्या मर्यादा दाखविणे हाच वार्तिककाराचा धर्म होय; प्रस्तुत विवेचनही त्याच वृत्तीने केले आहे.

२

प्रथम जे उक्त आहे त्याचा विचार करू जाता पुस्तिकेची शिस्त मान्य करावी लागते. प्रत्येक पानाची मांडणी ठरलेली आहे : आरंभी फंक्शनाचे नाव आणि ते कोणत्या आवृत्तींत उपलब्ध आहे ह्याची नोंद, नंतर वर्णन, प्राचले, परतमूल्य, आवश्यक तेथे आवृत्तींतील बदलांचे कोष्टक, शेवटी उदाहरणे, टिपा आणि संबंधित फंक्शनांचा निर्देश. ह्या एकविधतेमुळे वाचकाची नजर सरावते आणि हवी ती माहिती त्यास शोधावी लागत नाही. अनेक हातांनी आणि अनेक वर्षांत सिद्ध झालेल्या ग्रंथात इतकी एकरूपता टिकविणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

काही स्थळी तर पुस्तिका सूक्ष्म भेदही नेमका सांगते. ‘प्रॉपर्टी-एक्झिस्ट्स’च्या पानावर स्पष्ट म्हटले आहे की, गुणधर्माचे मूल्य रिक्त असले तरी हे फंक्शन होकारच देते, आणि ह्या बाबतीत ते ‘इझ-सेट’हून भिन्न आहे. भांडे नसणे आणि भांडे रिकामे असणे ह्यांतील हा भेद आहे. नवशिक्याचा गोंधळ नेमका येथेच होतो, आणि पुस्तिका त्याच स्थळी त्याचा हात धरते. त्याचप्रमाणे ‘गेट-ऑब्जेक्ट-व्हार्स’च्या वर्णनात प्रश्न कोठून विचारला ह्यास महत्त्व असल्याचे सांगितले आहे : वर्गाच्या आतून विचारल्यास खासगी गुणधर्मही हाती येतात, बाहेरून विचारल्यास केवळ सार्वजनिक. घरच्या माणसास आणि परक्यास एकाच प्रश्नाची दोन उत्तरे मिळतात, आणि दोन्ही खरी असतात.

३

आता जे अनुक्त आहे त्याकडे वळावयाचे. ‘मेथड-एक्झिस्ट्स’चे उदाहरण ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. दिलेल्या वस्तूत वा वर्गात अमुक नावाची मेथड आहे की नाही हे फंक्शन तपासते, अशा आशयाचे वर्णन पुस्तिकेत आहे, आणि ते अक्षरशः सत्य आहे. परंतु वाचक हा प्रश्न कशासाठी विचारतो? मेथड आहे की नाही ह्याबद्दल त्यास तात्त्विक जिज्ञासा नसते. ती असल्यास तिला हाक मारावी, नसल्यास दुसरा मार्ग घ्यावा, असा त्याचा व्यावहारिक हेतू असतो. ह्या हेतूने पाहू गेल्यास त्याची दोन्ही बाजूंनी फसगत होऊ शकते.

पहिली बाजू होकाराची. मेथड खासगी असली तरी ‘मेथड-एक्झिस्ट्स’ होकार देते. त्या होकारावर विसंबून बाहेरून तिला हाक मारली की प्रोग्राम त्रुटी देऊन थांबतो. दुसरी बाजू नकाराची. पीएचपीत ‘कॉल’ नावाची एक विशेष मेथड वर्गात योजता येते. जी मेथड वर्गात लिहिलेलीच नाही तिच्या नावाने हाक आली तर ही विशेष मेथड पुढे होऊन ओ देते. अशा वर्गाविषयी ‘मेथड-एक्झिस्ट्स’ला विचारले असता ती नकार देते, आणि तरीही प्रत्यक्ष हाक यशस्वी होते. तात्पर्य, होकारातून ‘हाक मारता येईल’ असे निष्पन्न होत नाही, आणि नकारातून ‘हाक मारता येणार नाही’ असेही निष्पन्न होत नाही. प्रश्नकर्त्याच्या मनात जो प्रश्न असतो त्याचे उत्तर वस्तुतः ‘इझ-कॉलेबल’ ह्या दुसऱ्या फंक्शनाकडे आहे. ते दृश्यताही ध्यानी घेते आणि विशेष मेथडीचीही दखल घेते. पुस्तिका त्याचे नाव ‘हेही पाहा’ ह्या सदरात देते. जे नाव वर्णनाच्या पहिल्या परिच्छेदात भेदासह यावयास हवे, ते पानाच्या तळाशी केवळ शेजारी म्हणून येते.

हे अनुक्त सांगणे अशक्य नव्हते, हे दाखविण्यास पायथॉन ह्या भाषेच्या दस्तऐवजातील दोन स्थळे पुरेशी आहेत. पायथॉनमध्ये ‘कॉलेबल’ नावाचे अंगभूत फंक्शन आहे. त्याच्या वर्णनात असा खुलासा आहे की, उत्तर होकारार्थी आले तरी प्रत्यक्ष हाक फसू शकते. उत्तर नकारार्थी आले तर मात्र हाक कधीच यशस्वी होणार नाही. एकाच वाक्यात होकाराचे आणि नकाराचे वजन वेगवेगळे तोलून दिले आहे. दुसरे स्थळ ‘हॅझ-ॲट्र’चे. ह्या फंक्शनाचे वर्णन करताना ते आतून कसे चालते हेही कंसात सांगितले आहे : ते गुणधर्म प्रत्यक्ष मागून पाहते, आणि गुणधर्म नसल्याची विशिष्ट त्रुटी उद्भवली तर नकार देते. यंत्रणा कळली की नकाराचा अर्थ आपोआप उलगडतो. ह्या फंक्शनालाही पूर्वेतिहास आहे. पायथॉनच्या दुसऱ्या आवृत्तीत ते गुणधर्म मागताना उद्भवलेल्या भलत्याच त्रुटीही गिळून टाकीत असे आणि निमूटपणे नकार देत असे, ३.२ पासून ते केवळ त्या एका त्रुटीपुरते मर्यादित झाले. ‘नाही’ ह्या एका शब्दाआड ‘खरोखरच नाही’ आणि ‘पाहावयास गेलो आणि ठेचाळलो’ असे दोन अर्थ दडलेले असतात, ही जाणीव ह्या सुधारणेमागे आहे.

४

दुरुक्ताचा विचार अधिक गंभीर आहे. ‘गेट-क्लास’ हे फंक्शन वस्तूच्या वर्गाचे नाव सांगते. वर्गाच्या आत त्यास काहीच न देता विचारले तर ते ज्या वर्गातून प्रश्न आला त्याचेच नाव सांगत असे. म्हणजे एकाच नावाखाली दोन प्रश्न नांदत होते : ‘ही कोण?’ आणि ‘मी कोण?’ ७.२ पूर्वीच्या आवृत्तींत ह्यातून एक विपरीत परिणाम उद्भवे. वर्गाच्या आतून एखाद्या वस्तूचे नाव विचारले, आणि वस्तूच्या जागी चुकून रिक्त मूल्य आले, तर फंक्शन तक्रार न करता विचारणाऱ्याच्याच वर्गाचे नाव देई. दुसऱ्याची ओळख विचारावी आणि उत्तरात आपलेच नाव ऐकावे, असा हा प्रकार होता. ७.२ मध्ये त्यास आळा बसला, ८.० पासून वस्तूव्यतिरिक्त काहीही दिल्यास प्रकारदोषाची त्रुटी उद्भवते, आणि ८.३ मध्ये काहीच न देता विचारण्याची रीतच त्याज्य ठरविण्यात आली. दोष मूलतः फंक्शनाच्या रचनेत होता हे खरे. तथापि एका पानावर दोन प्रश्नांची उत्तरे एकत्र सांगण्यास भाग पडते तेव्हाच रचनेतील दोष दिसू लागतो. ज्याचे वर्णन ‘अन्यथा’ ह्या शब्दावाचून करता येत नाही ते फंक्शन संशयास्पद समजावे, एवढा धडा ह्यातून निघतो.

‘इझ-ए’ची कथा ह्याहून बोलकी आहे. अमुक वस्तू अमुक वर्गाची वा त्याच्या उपवर्गाची आहे काय, हा तिचा प्रश्न. ४.२.० मध्ये ती आली, पाचव्या आवृत्तीच्या आरंभी ‘इन्स्टन्स-ऑफ’ हा कारक आल्यामुळे ती त्याज्य ठरली, ५.३.० मध्ये पुन्हा तिला मान्यता मिळाली. पुस्तिकेच्या वर्णनानुसार तिचे पहिले प्राचल वस्तू हेच होते. वस्तूऐवजी साधे अक्षरसूत्र दिले तर ती शांतपणे नकार देई, आणि अनेकांनी ह्या नकारावर विसंबून प्रोग्राम लिहिले होते. पेअर ह्या प्रसिद्ध संग्रहातील त्रुटी ओळखण्याची रीत ह्याच प्रकारची होती : हाती आलेले मूल्य काहीही असो, ते त्रुटिवर्गाचे आहे काय एवढे विचारावयाचे.

ऑगस्ट २०११ मध्ये ५.३.७ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि ‘इझ-ए’चे वर्तन पालटले. आता अक्षरसूत्र आल्यास ते वर्गाचे नाव समजले जाऊ लागले, आणि तो वर्ग ठाऊक नसल्यास त्याची फाईल आपोआप शोधून आणणाऱ्या यंत्रणेस हाक जाऊ लागली. ज्यांच्या प्रोग्राममधील ही यंत्रणा पुरेशी सावध नव्हती त्यांच्या बाबतीत बाहेरच्या व्यक्तीने पाठविलेला मजकूर वर्गाचे नाव म्हणून स्वीकारला जाण्याचा, आणि त्यातून परकी आज्ञावली चालविली जाण्याचा धोका निर्माण झाला. सुरक्षाविषयक उणिवांच्या जागतिक सूचीत २०११ सालच्या ३३७९ ह्या क्रमांकाने ही उणीव नोंदली गेली. जानेवारी २०१२ मध्ये ५.३.९ आली, तीत अक्षरसूत्रास अनुमती द्यावी की नाही हे सांगणारे तिसरे प्राचल जोडले गेले, आणि स्पष्ट अनुमती दिल्यावाचून अक्षरसूत्र नाकारण्याचा जुना शिरस्ता पुन्हा सुरू झाला.

केवळ एक प्रश्न विचारला असता घरात परका शिरावा, असे कोणास वाटले नसते. प्रश्न विचारणे ही निरुपद्रवी कृती आहे, ह्या गृहीतावर सर्वांची भिस्त होती. परंतु ते गृहीत पुस्तिकेत कोठेही लिहिलेले नव्हते. अनुक्त गृहीत मोडले तेव्हा ते मोडले हे कळण्यासही वाचकाजवळ साधन उरले नाही. आज ह्या प्राचलाच्या वर्णनात असे एक वाक्य आहे की, अनुमती नाकारल्यास फाईल ओढणाऱ्या यंत्रणेस हाक जाण्याचेही टळते. २०११ च्या त्या प्रसंगाचे एवढेच एक चिन्ह पानावर शिल्लक आहे. वाक्य बिनचूक आहे; पण ते का लिहावे लागले हे ज्यास ठाऊक नाही, त्यास ते एक किरकोळ तपशील वाटते. शेजारच्या ‘इझ-सबक्लास-ऑफ’ मध्ये हेच प्राचल उलट्या गृहीताने चालते : तेथे अक्षरसूत्रास अनुमती असणे हाच मूळ नियम आहे. दोन भावंडांची रीत परस्परविरुद्ध का, ह्याचा उलगडा इतिहासावाचून होणे नाही.

५

येथे मुळशीतल्याच एका परिचित कागदाचे स्मरण होते. हिंजवडीतील प्रोग्रामर ज्या भूमीवर बसून काम करतो तिची नोंद सातबाऱ्याच्या उताऱ्यात असते वा कधी काळी होती. उताऱ्यावर खातेदारांच्या नावांसोबत फेरफारांचे क्रमांक असतात. क्रमांक हा केवळ आकडा नव्हे. तो गाव नमुना सहाच्या नोंदवहीत नेतो, आणि तेथे नाव का बदलले हे लिहिलेले असते : खरेदीने, वारसाने की वाटणीने. जमिनीचा व्यवहार जाणणारा माणूस केवळ आजचा उतारा पाहून समाधान मानीत नाही. तो जुने फेरफार काढवितो. आजचे नाव खरे असले तरी ते कोणत्या मार्गाने आले ह्यावर त्याची शाश्वती अवलंबून असते, हे त्यास अनुभवाने ठाऊक असते.

पीएचपीच्या पुस्तिकेतील बदलांचे कोष्टक हे ह्या उताऱ्यावरील क्रमांकासारखे आहे. कोणत्या आवृत्तीत काय पालटले हे ते सांगते; का पालटले हे बहुधा सांगत नाही. भाषेतील महत्त्वाच्या बदलांमागील चर्चा अलीकडच्या काळात लेखी प्रस्तावांच्या रूपाने जतन झालेली आहे. ‘गेट-क्लास’मधील ७.२ आणि ८.३ चे बदल अशाच प्रस्तावांतून आले. म्हणजे नमुना सहाची वही अस्तित्वात आहे. परंतु उताऱ्यावरून तिच्याकडे जाणारी वाट वाचकास दरवेळी सापडतेच असे नाही. कारणासाठी प्रत्येक बदलापुढे एक वाक्य लागले असते. ‘दोन भिन्न प्रश्न एका नावाखाली असल्यामुळे’ किंवा ‘परकी फाईल ओढली जाण्याचा धोका टाळण्यासाठी’ एवढे शब्द असते, तर वाचक त्या एका फंक्शनापुरता नव्हे, तर तशा प्रकारच्या सर्व फंक्शनांविषयी सावध झाला असता.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. संदर्भपुस्तिका हा सूत्रग्रंथ आहे. लाघव हा त्याचा गुण, आणि भाष्य हे त्याचे काम नव्हे. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणास पुत्रजन्माचा आनंद होतो अशी प्रसिद्धी आहेच. आक्षेप वजनदार आहे, परंतु तो अर्धाच खरा आहे. सूत्राचे लाघव गुरुमुखाच्या भरवशावर उभे होते. सूत्रासोबत वृत्ती आणि परिभाषा शिष्यास तोंडी मिळत असे. रात्रपाळीत एकट्याने जुना प्रोग्राम दुरुस्त करणाऱ्या प्रोग्रामरापाशी पान असते, गुरू नसतो. शिवाय पायथॉनच्या उदाहरणाने दिसते की, येथे मागितलेले भाष्य एका वाक्याहून अधिक लांब असण्याचे कारण नाही. ज्या लाघवाने अर्थच संदिग्ध राहतो, ते लाघव नव्हे. ती न्यूनता होय.

६

मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने ह्या परीक्षणास आणखी एक अंग आहे. मुंबईच्या आयआयटीतील स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाने संगणकविषयक पाठ मराठीतून उपलब्ध करून दिले आहेत. पाठ्यगद्याची वाट त्यामुळे मोकळी झाली आहे. संदर्भगद्याची वाट अद्याप पाडावयाची आहे, आणि तीत परिभाषेचे खाचखळगे आहेत. प्रस्तुत प्रकरणातील उदाहरणच घ्यावे. पुस्तिकेने वारसा समजावण्यासाठी भाजी हा मूळ वर्ग आणि पालक हा त्याचा उपवर्ग कल्पिला आहे. शिजविणे ही पालकाची मेथड आहे. आता वारसा देणाऱ्या वर्गास मराठीत ‘पालकवर्ग’ म्हणावयाचे ठरविल्यास पालक हा भाजीचा उपवर्ग आणि भाजी ही पालकाचा पालकवर्ग, असा विलक्षण घोटाळा होतो. शिवाय ‘पालकवर्ग’ ह्या शब्दाने मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे शाळेच्या सभेस जमलेली मंडळी उभी राहतात. ‘जनकवर्ग’ हा शब्द येथे अधिक निर्वेध आहे. एका शब्दाच्या निवडीवर उदाहरणाची सारी सुबोधता अवलंबून असते, हे ध्यानी घेतल्यास पुस्तिकेचे शब्दशः भाषांतर पुरेसे होणार नाही हे उघड आहे.

मराठीत जे लिहावयाचे ते मूळ पानाची वृत्ती असावे. प्रत्येक फंक्शनापुढे चार गोष्टी तीत याव्यात : प्रश्न कोणता विचारला जातो; कोठून विचारला असता उत्तर पालटते; होकारातून आणि नकारातून काय निष्पन्न होते व काय होत नाही; आणि आजवर झालेले फेरफार कोणत्या कारणाने झाले. एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने ह्या प्रकरणातील फंक्शने घेऊन प्रत्येकाची अशी वृत्ती सिद्ध केली, आणि तिच्यातील प्रत्येक विधान प्रत्यक्ष प्रोग्राम चालवून पारखले, तर ते काम प्रबंधाच्या एका प्रकरणास पुरून उरेल. आणि मुळशीतच नव्हे, तर जेथे जेथे मराठी वाचणारा प्रोग्रामर आहे तेथे ते उपयोगी पडेल.

पीएचपीच्या पुस्तिकेने वस्तूला प्रश्न कसा विचारावा हे उत्तम रीतीने शिकविले आहे, ह्याबद्दल तिचे ऋण मान्य केले पाहिजे. उत्तर कसे ऐकावे हे शिकविण्याचे काम मात्र तिने बव्हंशी वाचकाच्या अनुभवावर सोपविले. २०११ च्या प्रसंगाने त्या अनुभवाची किंमत दाखवून दिली आहे.